हरलेल्या गड्याले साखर

हेन्ली, इंग्लंड
जुलै १९५५

तीर्थरूप बाबा,

आपल्या इंझोरी गावाकडं तोंड करून गुणवंताचा दंडवत.

मी बरा हाय. हॉटेलात भांडे घासून हात सोलले, पन पोटभर खायाले भेटते. हाताचं मायले सांगू नका.

तुमचा खोकला थांबला का? औंदा वावरात बैलांमागं डवरा कोन हाकून राह्यलं? मागच्या दोन पत्रांत कोनी लेहलं नाही, म्हनून इचारतो.

आज इथं नदीवर डोंग्यांची शर्यत झाली. हॉटेलवाल्यानं काठावर चहाचा तंबू लावला, म्हनून मीबी गेलो. मले आपला बैलांचा शंकरपट आठवला. इथं बैलांच्या जागी मानसंच. आठ-आठ जन एक लांब डोंगा वल्हवत सुटतात अन् काठावरचे लोक ओरडतात.

जितले त्यांच्याभोवती गर्दी झाली. हरलेला डोंगा आमच्या तंबूपाशी लागला. त्यातला एक उंचापुरा गडी वल्ह्यावर मान टाकून धापा टाकत होता. त्याच्याजवळ कोनी गेलं नाही.

पटात जोडी हरली का तुमी आधी तिले गूळ चारता. माये पाय आपोआप वळले. त्याच्यापाशी काठावर बसलो, चहाची साखर त्याच्या हातावर ठेवली अन् पाठीवरून हात फिरवला. त्यानं चमकून पाह्यलं, मंग गुपचूप खाल्ली.

तुमी बैलाले म्हनता तसंच माया तोंडून निघालं, "झालं रे राजा, चाल आता घरी."

तो उठून गेला. मले मात्र लय येळ उठवलं नाही.

तुमचाच,
गुणवंता