राखीव डब्यातला माल

१४ मे, मंगळवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचे गुडघे कसे आहेत? माझं बरं चाललंय. स्वयंपाक अजून दोघांपुरता होतो, मग दुसऱ्या दिवशी शिळं संपवतो.

लॅबमध्ये नवं काही नाही. चाकाचं यंत्र तेवढं सोबतीला. डांबरी मालाची लादी पन्नास अंशांना तापवायची, तिच्यावरून चाक वीस हजार वेळा पुढे-मागे फिरवायचं आणि शेवटी चाकोरी किती खोल पडली ते मोजायचं. त्यावरून रस्ता उन्हाळा काढेल की नाही ते कळतं. सहा तास खडखडाट असतो. साहेब विचारतात, या आवाजात बसवतं कसं? घरी तेवढाही आवाज नसतो, हे त्यांना काय सांगणार.

तू तीनदा बोलावलंस आणि तीनदा मी कामाचं निमित्त पुढे केलं. बाह्यवळणाचा रस्ता पहिल्याच उन्हाळ्यात खचला आणि रोलर तू चालवत होतास, म्हणून मी नाराज आहे असं तुला वाटतं. तसं नाही रे. चोराच्या मनात चांदणं, आणि चोर मी.

आता सरळच लिहितो. आई तुझ्याकडे राहायला निघाली तो दिवस आठव. त्या सकाळी मी त्याच रस्त्याचा माल ओव्हनमध्ये ठेवला होता. प्लांटपासून रस्त्यावर पडेपर्यंत डांबर जेवढं कडक होतं, तेवढंच व्हावं म्हणून चार तास ठेवायचा असतो. दुपारी तुम्हाला गाडीत बसवलं आणि मी कामावर परत गेलोच नाही. स्टँडच्या बाकावर बसून राहिलो. तू आईला पळवून नेलंस असं वाटत होतं. वय बावन्न आणि रुसवा पाच वर्षांच्या पोराचा.

दुसऱ्या दिवशी बघतो तर माल ओव्हनमध्येच. जास्त भाजलं की डांबर आणखी कडक होतं आणि तसल्या लादीवर चाकोरी पडत नाही. तो माल टाकून द्यायला हवा होता. पण नवा मागवायचा तर काल कुठे होतो ते सांगावं लागलं असतं. मी त्याचीच लादी केली. चाकोरी तीन मिलिमीटर. पास लिहून सही ठोकली.

रस्ता खचल्यावर चौकशीत लॅबचा कागद चोख निघाला आणि खापर तुझ्यावर फुटलं. तुझी नोकरी गेली. मी नुसता मूग गिळून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण आईने फोनवर विचारलं, "त्याच्या हातून खरंच चूक झाली का रे?" आणि मी म्हणालो, "रोलर नीट फिरवला नसेल." तिने फोन ठेवला. हे तिने तुला सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतं तर तू मला तीनदा बोलावलं नसतंस.

रस्त्याची हमी संपेपर्यंत त्याच्या मालाचा एक बंद डबा आम्ही राखून ठेवतो. गेल्या आठवड्यात तो फोडला. ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसलो आणि बरोबर चार तासांनी माल बाहेर काढला. एका लादीवर चौदा मिलिमीटर, दुसरीवर पंधरा. मालच मऊ होता. तू रोलर कितीही फिरवला असतास तरी तो रस्ता खचलाच असता.

आज सकाळी दोन्ही आकडे आणि ओव्हनची सगळी हकीकत साहेबांना लेखी दिली. त्यांनी कागद वाचून काढला. मग म्हणाले, "लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवा." प्रत सोबत जोडली आहे, ती तुझ्या जुन्या कंपनीत दाखव.

हे वाचून तू लगेच फोन करशील आणि "जाऊ दे दादा" म्हणशील. तुझा स्वभावच तसा आहे. म्हणून मी फोन बंद ठेवला आहे. आधी हे पत्र आईला वाचून दाखव, मोठ्याने, एकही ओळ न गाळता. ती काय म्हणते ते ऐक आणि मग वाटलंच तर लिही.

तुझं नाव खराब करणारा,
तुझा थोरला