ओहोटीवर चढलेलं पाणी

प्रिय ताई,

पाकिटावर तुझं नाव आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांनी लिहिलंय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच फडताळात टाकलं असतंस, तेवढी तुला ओळखते मी. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. चार वर्षं फोन उचलला नाहीस, एवढं तरी माझं देणं लागतेस.

मी बरी आहे. चष्म्याचा नंबर वाढला. ऑफिस चौथ्या मजल्यावर हललं, आता टेबलावर तीन स्क्रीन आहेत आणि खिडकीतून गाड्या लावायचा तळ दिसतो. समुद्र किती चढणार ते सांगणारी बाई समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर बसते, यावर तू काय टोमणा मारला असतास ते मला इथे बसून ऐकू येतं. मागच्या महिन्यात खोलीला पडदा शिवायला घेतला. एक बाजू चार बोटं आखूड झाली. तू असतीस तर हातातून ओढून घेऊन उसवला असतास आणि वर दोन शब्द सुनावले असतेस. तसाच लोंबतोय. त्याच्याकडे पाहिलं की तुझी इतकी आठवण येते की जेवण जात नाही.

मी लोकांना सांगत आले की आईला घराबाहेर काढायला लावलं म्हणून ताई रुसली. ते खोटं आहे, ते तुलाही माहीत आहे. त्या दिवशी मी फोनवर सांगितलं की उद्या दुपारच्या भरतीला पाणी सात फूट जास्त चढेल, आणि तू एक प्रश्न न विचारता चार माणसं गोळा करून अंथरुणाला खिळलेल्या आईला गादीसकट शाळेत नेलंस. माझ्यावर तुझा तेवढा विश्वास होता. मग वादळ सहा तास आधीच येऊन थडकलं. आमच्या कामाची गोम हीच आहे, वारा पाणी ढकलतो ते वेगळं आणि भरती-ओहोटी वेगळी, वाऱ्याचं पाणी आणि भरती एकावर एक आली तरच घात. पाणी सात फूट चढलं, पण चढलं ओहोटीवर. बंधाऱ्याची वरची पायरीसुद्धा भिजली नाही. गल्लीत हसू झालं. आणि आई तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात, घरी कधी जायचं असं विचारत वारली.

तेव्हाही तू मला काही बोलली नव्हतीस. मी घरी आल्यावर मला चहा दिलास. आणि मी, कप हातात धरून, तुला म्हणाले की आमचा आकडा मात्र बरोबर होता, फक्त वेळ चुकली. आपली आई गेली होती आणि मी माझा पेपर तपासत बसले होते. तू उठून आत गेलीस ती गेलीसच. ताई, ते वाक्य मी गिळलं असतं तर किती बरं झालं असतं. माफ कर असं चार वर्षांत शंभरदा लिहिलं आणि फाडलं. आज फाडणार नाही. माफ कर मला.

आज फाडायला वेळच नाही, म्हणून हे पत्र. नव्या वादळाचं ऐकलं असशील. परवा दुपारच्या भरतीला ते किनाऱ्यावर येईल. आमच्या नकाशातली धोक्याची रेघ तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबते, तुम्हाला घर सोडायला कुणी सांगणार नाही. पण संगणक जमिनीचे मोठे मोठे चौकोन पाडतो आणि तुझी गल्ली मागच्या टेकडीबरोबर एकाच चौकोनात पडली आहे. दोघींची सरासरी काढून त्याने तुझं घर आहे त्याहून पुरुषभर उंच धरलंय. त्या गल्लीत आपण वाढलो, ती किती खोलगट आहे ते मला कुणी शिकवायला नको. साहेबांना सांगितलं, ते परवा सकाळी माणूस पाठवून मोजून घेणार आहेत. परवा सकाळी! म्हणून ड्रायव्हरकाकांना आजच धाडलंय. गाडी तुझ्या दाराशी उभी आहे, सात जण बसतात. शेजाऱ्यांनाही उठव, माझं कुणी ऐकणार नाही, तुझं ऐकतील. वादळ पुन्हा ओहोटीवर येईल, पुन्हा हसू होईल, असंही होऊ शकतं. मी खात्री देत नाही. या वेळी माझ्याकडे आकडा नाही, फक्त भीती आहे. चुकले तर हवं तेवढं बोल मला, जन्मभर बोल. पण इथे येऊन, माझ्यासमोर बसून बोल.

तुझीच,
तुझी वाट बघत इथे दारात उभी असलेली
धाकटी