पाहिलं नाही, खाली सही

५ फेब्रुवारी, बुधवार

सविताची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. सकाळी साडेदहाला, पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसवर.

हात आत असला की मशीन थांबवायला सेन्सर असतो. तो बंद होता! पंधरा दिवस! मशीन सारखं अडतं म्हणून मेंटेनन्सच्या पप्पूनं तार काढून ठेवली होती. विक्रम सरांनी सांगितलं म्हणून. प्लांट हेडच सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? लाईनवर सगळ्यांना माहीत. आणि मी क्वालिटीची असून मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

दोनदा हात धुतले, तरी ग्रीसचा वास येतोय. जेवण गेलं नाही.

६ फेब्रुवारी

मिटिंग. इकडं विक्रम सर, स्क्रीनवर इंग्लंडहून कॉलिन — आमचा माल घेणाऱ्या कंपनीचा साहेब. मिनिट्स लिहायला मी. शिरूरच्या क्लासला इंग्रजी शिकले ना, भोगा आता फळं!

कॉलिननं आधी फार वाईट वाटल्याचं सांगितलं. मग लगेच — "आय डोन्ट सी एनी नीड टू होल्ड द शिपमेंट." माल थांबवायची गरज त्याला दिसत नाही. त्यावर आमचे सर — "आय डोन्ट सी व्हॉट मोअर वी कुड हॅव डन." आणखी काय करता आलं असतं ते ह्यांना दिसत नाही. दोघांनी माना हलवल्या.

कॉलिन सातासमुद्रापलीकडं बसलाय, त्याला दिसत नाही हे एक वेळ समजलं. सरांची केबिन प्रेसपासून वीस पावलांवर आहे! डोळ्यांवर कातडं ओढलं की इंग्रजी बरं सुचतं माणसाला. मी मुकाट लिहून घेतलं.

७ फेब्रुवारी

कॉलिन मागच्या वर्षी इथं आला होता. कॅन्टीनमध्ये मी विचारलं, पिठलं-भाकरी चालेल का? म्हणाला, "आय डोन्ट सी व्हाय नॉट." नको म्हणायचं कारण दिसत नाही, म्हणजे हो. मला वाटलं नको म्हणतोय, मी ताट उचललं. सगळे हसले. मग गड्यानं दोन भाकरी हाणल्या.

तेव्हापासून कान देऊन ऐकते. पटत नसलं की ह्यांना दिसत नाही. होकार द्यायचा तरी दिसत नाही. सुट्टी मागा — सरांना ते होताना दिसत नाही. मेलचं उत्तर द्यायचं नसलं की मेल पाहिलेलाच नसतो. एचआरच्या माया मॅडम आठ दिवस रजेवर होत्या, तर सर त्यांना म्हणाले, "हॅवन्ट सीन यू इन एजेस!" युगं लोटली म्हणे पाहून. डोळ्यांचा काही संबंध नसतो त्यात. बोलायची पद्धत. आपसात कुणी फसत नाही, ऐकणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो. चालू दे त्यांचं.

आपलं तरी काय वेगळं? आपण "बघू" म्हणतो आणि बघत नाही. मला पुण्याला शिकायला पाठवायचं आबांनी "बघू, बघू" म्हणत तीन वर्षं काढली. शेवटी मांडवगण ते शिरूर एसटीनंच शिकले.

पण इथं बोटं तुटलीत! इथं कसली पद्धत?

८ फेब्रुवारी

सविता दवाखान्यात. जाणार होते. जमलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

एचआरच्या माया मॅडमनी जबाबाचे कागद वाटले. वाक्य आधीच छापलेलं! "आय डिड नॉट सी द कंडिशन ऑफ द सेन्सर." खाली नाव आणि सही, एवढीच जागा. पप्पूनं मला अर्थ विचारला. म्हटलं, सेन्सर कसा होता ते मी पाहिलं नाही, असं लिहिलंय.

"बरं हाय की," म्हणाला आणि सही ठोकली. ज्यानं तार काढली त्यानं!

"लाज वाटत नाही का रे?"

"वाटती ना ताई. पन दोन लेकरं हायत मला. तुमी बी करून टाका."

संध्याकाळपर्यंत अकरा सह्या. ही काही बोलायची पद्धत नव्हे, हे सरळ खोटं. आणि ह्या सह्यांवर अहवालात "ऑपरेटरची चूक" येणार. सविता कॉन्ट्रॅक्टवरची, मग कॉन्ट्रॅक्टर तिला काढणार. बोटं गेली ती गेली, वर नोकरी जाणार, आणि चूकही तिचीच!

बारावी सही माझी. "उद्या देते" म्हणून सुटले. मशीनवर रोजच्या तपासणीचा कागद लटकलेला असतो, त्याचा विषय मात्र मॅडमनी काढला नाही. बरं झालं.

१३ फेब्रुवारी

विक्रम सर — "धनश्री, आय डोन्ट सी युवर सिग्नेचर." नसलेली सही तेवढी बरोबर दिसते!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेटवर साखरबाई. सविताची आई. दौंडकडून दोन एसट्या बदलून आलेली. वॉचमननं आत सोडलं नाही म्हणून उन्हात उभी.

"तू तपासणीवाली न्हवं? मंग तू सांग बाय, काय बगितलंस?"

"मावशी, मी तिथं नव्हते."

"आमची दीडशे मेंढरं व्हती. सांजच्याला कोंडताना एकेकीच्या पाठीवर हात ठिवायची मी. म्हातारा रोज इचारायचा, बगितलीस का नुसती मोजलीस? न बगता समदी हायती असं कवा म्हनले न्हाई."

मी पाण्याची बाटली पुढं केली, तिनं घेतली नाही.

"सवी म्हन्ती, आये, कागदावर ओके व्हतं म्हून हात घातला. त्यो कागूद कुटं हाय?"

"बघते," म्हटलं मी. बघते!

इतका राग आला. कुणाचा ते लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तो कागद, चार नंबरची चेकशीट, माझ्या कपाटात आहे. बोटं गेली त्याच दिवशी मीच मशीनवरून काढला. इथंही लिहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी आठवडाभराच्या टिका एका दमात मारायच्या, ही आमची पद्धत. तीन तारखेला मारल्या. सेन्सर ओके, सोमवार ते शनिवार. मशीन बुधवारी बंद पडलं, तरी शनिवारपर्यंत ओके! खाली सही माझी. सविता त्याच सोमवारी त्या प्रेसवर नवीन आली होती. "ताई, हे बरं हाय ना?" म्हणाली. "हे बघ, ओके आहे," म्हणून कागद मीच तिला दाखवला.

आज छापलेल्या कागदावर सही केली. अकरा जणांनी पाहून लिहिलंय, पाहिलं नाही. खरं माझं एकटीचंच. त्याला ती चेकशीट टाचली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. झेरॉक्स पिशवीत आहे. दौंडच्या एसटीत बसलेय, साखरबाईकडं.