न उडलेले एकतीस तास

गुढियारी, रायपूर
१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय यशदीप दादा,
सप्रेम जयभीम.

इकडं सगळे बरे आहेत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली, जिना चढते आता. बाबा संध्याकाळी मालधक्क्यापर्यंत फिरून येतात. भिलाईत वहिनीची तब्येत कशी आहे?

वर्ष झालं, तू माह्याशी बोलला नाही. नैरोबीहून मी रिकाम्या हातानं आली अन् पायलटचं लायसन स्वतःहून परत केलं. तिथं काय झालं, ते कोणालेच सांगितलं नाही.

नैरोबीत उडण्याच्या दोनशे तासांवर छोट्या विमानात को-पायलट घेतात. आपल्याकडं तेवढ्यावर कोणी दारात उभं करत नाही. इंटरव्ह्यूले एक म्हातारे कॅप्टन होते. माहं लॉगबुक चाळता चाळता एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. एवढ्या लांब गेली होती, त्या दिवशी हवा कशी होती, असं विचारलं.

तारीख चौदा डिसेंबरची. त्या दिवशी तुहं लग्न होतं, दादा. पंडरीच्या बाजारातून घेतलेली पिवळी साडी नेसून मी तुह्या वरातीत नाचून राहिली होती.

फ्लाइंग क्लबच्या इन्स्ट्रक्टरनं विमान न उडवता लिहून दिलेले ते एकतीस तास, त्यातलीच ती ओळ. त्याच्याशी बोलून ठरवलं तू, पण खाली सही माही होती.

हवा साफ होती, इतकंच म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "सर, त्या दिवशी मी उडलीच नाही."

त्यांनी लॉगबुक मिटलं. म्हणाले, "मागं बारा माणसं बसतात. खरे तास घेऊन ये."

घरी येऊन मी लायसनच्या ऑफिसले सगळं लिहून दिलं. लायसनही परत करून टाकलं. कोचिंगमध्ये गणित शिकवलं, दुसऱ्या क्लबात एकतीस तास पुन्हा उडली, परीक्षाही पुन्हा दिली. जानेवारीत लायसन मिळालं. त्याच कॅप्टननं बोलावलं आहे.

आता राहिलेलं सांगते. चौकशीवाले तुह्या ऑफिसात आले, तुहं प्रमोशन अडकलं. तुले वाटते, इन्स्ट्रक्टरनं तुहं नाव घेतलं. नाही. मी घेतलं. आधी माहं लिहिलं, मग त्याचं, मग तुहं.

तू म्हणाला होता, सगळेच करतात, चूप बस. आपल्या पाऱ्यात, मोहल्ल्यात सगळे आजही तेच म्हणून राहिले. म्हणू दे. तुह्या प्रमोशनचं मले वाईट वाटते, पण नाव लिहिलं त्याची माफी मी मागत नाही.

सव्वीसले सकाळी नैरोबीले निघते. विमानतळावर आला तर पाया पडीन. नाही आला तरी जाईन.

तू बोल की नको बोलू, तुहीच बहीण,
चेतना