बरणीतल्या गोळ्या

१९ नोव्हेंबर १९७५, बुधवार. संध्याकाळचे सात.

रक्तदाबाच्या गोळ्यांची एक खेप खराब निघाली, कंपनीने ती परत मागवली, असं आजच्या पेपरात आलंय. खेपेचा नंबरही दिलाय. माझ्या गोळ्या त्यातल्याच का? दुकानदार सुट्या मोजून कागदाच्या पुडीत देतो. पुडीवर कसला नंबर?

तडक दुकानात गेले. तो म्हणतो, "मोठी बाटली आली की आमी बरणीत ओततो, बाई. नवा माल जुन्यावर. आता कुटला नंबर सांगू?"

"अहो, औषधं विकता की फुटाणे?"

"तुमाला काय झालं का? न्हाय ना? मग चांगल्याच हायत की!"

चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चांगला झाडला.

घरी आले, पाणी प्यायले आणि फळीवरची माझी बरणी दिसली. काचेची, लोणच्याची. दर महिन्याची पुडी मी तिच्यातच सोडते, उरलेल्या गोळ्यांवर. डाळ ओतावी तशी. शाळेत, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर लेबल वाचल्याशिवाय औषधाच्या बाटलीला हात लावू देत नसत, आणि मी... आता जुन्या कोणत्या, नव्या कोणत्या? सगळ्या पांढऱ्या, सारख्या.

साडेसातची गोळी घ्यायची की नाही? ताईने मनानेच गोळ्या बंद केल्या आणि तिचा उजवा हात लुळा पडला.

डॉक्टर आठपर्यंत बसतात. बरणी पिशवीत घातली आहे, निघते. एकत्र कोणी केल्या, असं त्यांनी विचारलं तर? दुकानदाराचं नाव घ्यायला जीभ वळवळेल. पण बरणी माझ्या हातात असेल.