थट्टेचे सोयरे

प्रिय तेक्ला म्बेंबा नाम्पोटो,

तुझे संपूर्ण नाव लिहिण्याचे कारण एवढेच, की तुझ्या थडग्यावरील क्रुसावर ते अर्धेच कोरले गेले आहे आणि मला ते मान्य नाही.

इकडील वृत्त असे. रुवुमा नदीपलीकडे, मोझांबिकमध्ये, वादळाने फेलिस्मिनाच्या, तू छावणीत बरी केलेल्या त्या मुलीच्या, गावचे इस्पितळ वाहून नेले. बाळंतिणी शाळेच्या ओल्या फरशीवर निजतात, असे तिने फोनवर कळवले. त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ते लोक नदी ओलांडून आपल्या आश्रयाला आले, तेव्हा ज्या लोखंडी खाटांवर तू त्यांची शुश्रूषा केलीस, त्या निर्वासितांच्या छावणीच्या जुन्या खोलीत अद्याप होत्या. आपल्या नव्या दवाखान्यासाठी गावाने त्या राखून ठेवल्या होत्या. त्या पलीकडे पाठवाव्यात काय, यावर आंब्याखाली सभा भरली.

दुकानदार चिपिंदुला म्हणाला, “आसरा दिला, स्वातंत्र्याला हात दिला, आता खाटापण? उद्या पांघरूण घालायलाही आपल्यालाच बोलावतील.” लोक हसले. ज्यांनी ते युद्ध पाहिलेच नाही, त्या तरुणांनी विचारले, की त्या देशाचे आणि आपले आता काय उरले आहे. प्रश्न गैर नव्हता. आपल्या बाळंतिणींनाही खाटा हव्याच आहेत.

टिपण हाती नसताना मी कधी बोलत नाही, हे तू जाणतेस. त्या दिवशी बोललो. प्रत्येक कुळाला थट्टेचे सोयरे असतात. मयताच्या घरी शिव्या देण्याचा, हसवण्याचा आणि कबरीवर माती ओढण्याचा अधिकार त्यांचाच. तू मात्र त्या परक्यांनाच सोयरे ठरवलेस. जखमा बांधताना तू त्यांना कोंबडीचोर म्हणायचीस, ते तुला सुईवाली चेटकीण. म्हणूनच तुझ्या अंत्यविधीला फेलिस्मिना नदी ओलांडून आली, तुझा एप्रन चढवून शवपेटीसमोर उभी राहिली आणि तुझ्याच आवाजात तिने मला दटावले, “सेव्हेरिन, रडतोस काय? आधी शर्टाचं बटण लाव.” मी हसलो. आपल्या घरी पुन्हा घास गिळता येईल, असे मला तेव्हा प्रथम वाटले.

सभेत मी म्हणालो, “मदत केली आणि आपण मोकळे झालो, असं तुम्हाला वाटतं. उलट तिथंच नातं जडलं. त्यांना चोर म्हणा, तो तुमचा हक्कच आहे. पण तोंड सोडायचा हक्क ठेवायचा आणि मयताला मात्र जायचं नाही, असले सोयरे मी पाहिलेले नाहीत.”

मग चिपिंदुला डोके खाजवत म्हणाला, “द्या मग. पण मास्तर, ढेकूण तेवढे इथंच ठेवून घ्या. ते आपल्या गावचे आहेत.” मी हे फेलिस्मिनाला कळवले. ती म्हणाली, “त्या चोराला सांगा, येऊ द्या ढेकूण. आमच्याकडचे त्यांना शिकवतील.” आपल्या दवाखान्यासाठी लाकडी खाटा करायचे ठरले, त्यामुळे तो उघडण्यास विलंब होईल.

आता, ज्यासाठी लिहावयास बसलो ते. खिडकीजवळची खाट तुझी. अखेरचे दिवस तू तिच्यावर काढलेस, आणि तुझ्यामागे मी रोज दुपारी तिच्या शेजारी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. ही तेवढी राहू द्या, असे गावाचे अध्यक्ष म्हणाले. मी ती सर्वांत आधी ट्रकवर चढवली. तिच्यावर कोणी बाळंतीण होईल, आणि ती कोण हे मला कळणार नाही. तुझी संमती घेता आली नाही. ती गृहीत धरली.

तुझाच,
सेव्हेरिन

ता. क. रिकामी खोली झाडून घेतली. दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या अध्यक्षांना परत केल्या.