औषधाला सुट्टी

४ तारीख, सोमवार

बंद! आजपासून चार आठवडे गोळी बंद. शाळेला सुट्टी, तर गोळीलाही सुट्टी — हट्ट माझाच. आमची नऊ वर्षांची लेक दोन वर्षं रोज सकाळी ती गिळते, लक्ष एका जागी ठरावं म्हणून. लक्ष ठरतं. पण भूक मरते, वजनाचा काटा हलत नाही. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, आणि वर एक तक्ता हातात ठेवला. भूक, झोप, भांडणं — रोज भरायचा. "मध्येच काही वाटलं तर फोन करा."

बायको म्हणाली, "दिवसभर घरी कोण असणार? तू." खरंय. ती दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवत असणार. मी वार्ताहर, बातम्या घरूनही लिहिता येतात. "तक्ता नीट भर हं, पंडित. दोन्ही बाजू येऊ देत." संस्कृतात एम. ए. केल्याची शिक्षा जन्मभर भोगतोय.

५ तारीख, मंगळवार

दुपारी लेकीने "अजून वाढ" म्हणत तीनदा ताट पुढे केलं. तीनदा!

७ तारीख, गुरुवार

चित्ताच्या चांचल्यावर विद्यार्थिदशेत मी अठरा पानी निबंध लिहिला होता. बक्षीसही मिळालं. आज अठरा मिनिटांत लेकीने नळ उघडा टाकला, एक चप्पल हरवली, माझ्या कागदांवर पाणी सांडलं आणि धावत येऊन गळ्यात पडली. "बाबा, तुझ्या नाकात केस आहेत!" निबंधात यातलं काहीच नव्हतं.

पोट दुखेपर्यंत हसलो दोघं. गोळी चालू असताना ती असलं बोलत नाही. नीट वागते. मला ही जास्त आवडते की काय? बायकोला विचारायची हिंमत झाली नाही.

९ तारीख, शनिवार

तळमजल्यावरची चष्मिस ही लेकीची एकुलती एक मैत्रीण. दोघी मिळून गच्चीवर खोक्यांचं गाव उभारतायत. आज तिथे आरडाओरडा. वर गेलो तर पूल आडवा झालेला; लेक घाईघाईत त्याच्यामधूनच गेली म्हणे. चष्मिस डोळे पुसत होती. "काका, ही थांबतच नाही! माझा नंबर कधी येतच नाही!"

मी म्हटलं, पूल काय, पुन्हा बांधता येतो. तक्त्यात काही लिहिलं नाही. पोरींची कटकट ती, घरातलं भांडण नव्हे.

१३ तारीख, बुधवार

वजन पाऊण किलोने वाढलं! भांडणांच्या रकान्यात चार दिवस ओळीने "नाही". तक्ता बायकोला दाखवला — मिरवलाच म्हणा ना.

"छान. पण मग ही सारखी खिडकीत का बसते?"

"चिंतन."

"हो, तुझ्यावरच गेलीये ना!"

१६ तारीख, शनिवार

तक्ता लेकीच्या हाती लागला. मोठ्याने वाचत सुटली. "भांडण नाही. भांडण नाही. भांडण नाही." मग माझ्याकडे बघून — "बाबा, भांडायला येतंय कोण?"

पूल पडला त्या दिवसापासून चष्मिस वर आलेलीच नाही. मला पत्ता नाही! पंचवीस वर्षं कोर्टाच्या बातम्या देतोय. तिथे शिरल्याबरोबर आधी बघतो, कोण आलंय, कोण नाही. आणि घरात? शांतता दिसली, छापून मोकळा.

संध्याकाळी खाली गेलो. चष्मिस दारातूनच म्हणाली, "काका, ती मला आवडते. पण मला दमायला होतं." तिच्या आईने "अगं!" करून दटावलं. दटावण्यासारखं त्यात काही नव्हतं.

१७ तारीख, रविवार

बायकोला सगळं सांगितलं. आता "तरी मी म्हणत होते" येणार, म्हणून मान खाली घालून बसलो. नाही आलं. म्हणाली, "ती पोटभर जेवताना बघून मलाही बरं वाटायचं रे. म्हणून मीही खोलात गेले नाही."

मग ठरलं : शाळा उघडायला पंधरा दिवस आहेत, तोवर असंच चालू दे. उघडली की गोळी सुरू. मैत्रीचंही तेव्हा बघू. दोन शहाण्या माणसांचा एकमताने ठराव.

१८ तारीख, सोमवार

दात घासता घासता लेक म्हणाली, "शाळेत बाईंसाठी घेते ना गोळी? मग सुट्टीत माझ्यासाठी का नाही?"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि तिच्याच हातात दिला.